पेडण्याच्या भट्टीवर: बोंडूपासून हुर्राकापर्यंत

काजूची बाग असलेल्या आमच्यासारख्या घरांत हंगाम म्हणजे बी. मार्चपासून मेपर्यंत बी वेचायची, उन्हात वाळवायची, पोती भरून ठेवायची आणि दर जरा वर गेला की द्यायची. बोंडू पिळवटून बी सुटी केली की बोंडू तिथंच झाडाखाली. बीच्या कितीतरी पट वजनाचं, रसानं टच्च भरलेलं, संत्र्याहून जास्त क जीवनसत्त्व असलेलं हे फळ आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजूला बहुतांशी मातीत जातं. थोडे बोंडू गुरं खातात, थोडे पोरं मीठ लावून खातात, कुणी हौशीनं सरबत करून ठेवतं. उरलेल्यांचा आंबूस वास एप्रिलभर बागेत भरलेला असतो. इतकं फळ डोळ्यांदेखत कुजताना बघून दर वर्षी जीव हळहळतो.

तेरेखोल नदीच्या पलीकडे मात्र बोंडूला मान आहे. माझी मावशी पेडणे तालुक्यात दिलेली. तिचे धाकटे दीर दर हंगामाला काजूची भट्टी लावतात, म्हणजे बोंडूच्या रसापासून हुर्राक आणि फेणी ही दारू गाळतात. आम्ही भाचरं त्यांना काकाच म्हणतो. बोंडू झाडावरून पडल्यापासून भाणातून, म्हणजे गाळायच्या भांड्यातून, थेंब गळेपर्यंतचं सगळं काम एकदा शेजारी बसून बघायचं, हे फार दिवस मनात होतं. मावशीला फोन केला तर म्हणाली, "ये गो, पण चार दिवसांचा काम चार दिवसांनीच दिसतला. सकाळी येवन सांजेक जावचा आसात तर येव नको." मी मुक्कामाच्या तयारीनंच निघाले.

शिरोड्याची मिठागरं मागे टाकून आरोंद्याला आलं की किरणपाण्याचा पूल. तो ओलांडला की गोवा. जांभा तोच, काजू तेच, बोलीसुद्धा आमच्या मालवणीला लागूनच. कायदा तेवढा वेगळा. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय दारू गाळणं हा गुन्हा. त्यामुळे आमच्याकडे असं काही झालंच तर ते रानात, अंधारात, चोरून होतं. चोरून केलेल्या कामात स्वच्छता बघणारं कुणी नसतं, आणि बिघडलं तर विचारायचीही सोय नसते. पलीकडे अबकारी खात्याचा हंगामापुरता परवाना घेऊन भट्टी उघडपणे चालते. काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पुढे 2016 साली गोवा सरकारनं तिला राज्याच्या वारशाचा दर्जा दिला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं हे झाड. त्याच्या फळापासून इथल्या माणसांनी आपल्या हातांनी घडवलेली ही वस्तू आहे आणि तिला नाव मिळालं हे योग्यच झालं, असं मला मनापासून वाटतं.

काकांची भट्टी हरमलच्या अलीकडे, डोंगराच्या उतरणीवर आहे. वर उभं राहिलं की माडांच्या पलीकडे समुद्राची रेघ दिसते. चार खांब, वर झावळ्यांचं छप्पर, एका बाजूला लाकडांची रास, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी. पाणी बारमाही झऱ्याचं. भट्टीची जागा पाण्यावरूनच ठरते, कारण वाफ थंड करायला दिवसभर गार पाणी लागतं. एप्रिल-मेमध्ये डोंगरावर तेच मिळत नाही.

सकाळी उजाडता उजाडता आम्ही बागेत गेलो. मावशीच्या सुनेच्या हातात टोकाला खिळा बसवलेली काठी होती. ती खाली न वाकता पडलेला बोंडू त्या टोकाला टोचायची आणि टोपलीत टाकायची. झाडावर पिकून लालबुंद झालेले कितीतरी बोंडू हाताशी लोंबत होते. मी एकाला हात घातला तशी ती म्हणाली, "तो ऱ्हवांदे. आपसूक पडाक होयो." झाडावरून तोडलेला बोंडू दिसायला पिकलेला असला तरी त्याचा रस घशाला जास्त धरतो. पूर्ण पिकला की तो बीसकट आपोआप गळतो आणि तेव्हाच त्यात गोडवा उतरलेला असतो. मात्र पडल्यावर त्याला फार वेळ ठेवता येत नाही. दुपारच्या उन्हात तो जमिनीवर राहिला की फुटतो, मुंग्या लागतात आणि रस आंबट पडतो. म्हणून सकाळची वेचणी सकाळीच संपवायची आणि त्याच दिवशी मळायचं.

आमच्या बागेत वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रानं काढलेल्या जाती आहेत, वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7. दोन्ही मुख्यतः बी मोठी आणि भरदार यावी म्हणून निवडलेल्या. काकांच्या बागेत बहुतेक जुनी गावठी झाडं. बोंडू बारके, काही पिवळे, काही तांबडे, पण वास इतका दाट की टोपली शेजारी ठेवून बसलं तरी कपड्यांना लागतो. काका दोन्ही रंगांचे बोंडू एकत्रच मळतात. त्यांना कारण विचारलं तर म्हणाले, पिवळ्याचा रस आणि तांबड्याचा वास. हा त्यांचा अनुभव. मी तो तसाच लिहून घेतला.

बिया घरीच सुट्या केल्या. बी पिळून काढताना टरफल चेपलं जाणार नाही हे बघावं लागतं, कारण टरफलातलं तेल हाताची कातडी सोलवटून काढतं. ते रसात गेलं तर सगळी मेहनत फुकट.

मळायची जागा म्हणजे जांभ्याच्या कातळात कोरलेलं उथळ कुंड, इकडे त्याला कोळमी म्हणतात. एका बाजूला उतार, टोकाला भोक, खाली रस धरायला भांडं. अलीकडे बऱ्याच ठिकाणी मोटारीवर चालणारी यंत्रं आली आहेत, काकांकडेही एक आहे. पण मी होते तेव्हा त्यांनी पायांनीच मळलं. पाय घासूनपुसून, स्वच्छ धुऊन दोघं जण कुंडात उतरले आणि ठरावीक लयीत गोल फिरू लागले. बोंडू फुटण्याचा पचपच आवाज, मग भोकातून धार. पहिली धार गढूळ, पिवळट आणि फेसाळ. यंत्रात दाब सगळीकडे सारखा आणि जोरात बसतो, तंतूसुद्धा चेचला जातो आणि त्यातला तुरटपणा रसात उतरतो, असं काकांचं म्हणणं. पायाला कळतं कुठं थांबायचं.

मळून झालेला चोथा गोळा करून त्याचा ढीग रचला, वेलीनं आवळला आणि वर जड दगड ठेवला. रात्रभर त्यातून थेंबाथेंबानं जो रस गळतो तो निरो. पायांनी काढलेल्या रसापेक्षा तो कितीतरी नितळ असतो. सकाळी मावशीनं मला तांब्याभर निरो दिला. गोड, किंचित तुरट, आणि घोट गिळल्यावर नाकात काजूचा वास राहतो. यात मद्य नसतं, लहान मुलंही पितात. पण ऊन चढलं की तो आंबायला लागतो, म्हणून बाजारात तो फारसा पोचत नाही. काजूच्या मुलखात पहाटे उठणाऱ्यालाच तो मिळतो.

मळलेला रस आंबायला ठेवतात. पूर्वी मातीची मोठी भांडी अर्धी जमिनीत पुरलेली असायची, आता प्लास्टिकची पिंपं. यात बाहेरून काहीच घालत नाहीत. यीस्ट नाही, साखर नाही, पाणी नाही. बोंडूच्या सालीवर आणि हवेत जे यीस्ट असतं तेच काम करतं. शहरात बिअर गाळणाऱ्यांना बार्लीच्या माल्टमधली पिठूळ द्रव्यं आधी गरम पाण्यात मुरवून त्यांची साखर करून घ्यावी लागते, मग हॉप्स उकळायचे, मग निवडलेलं यीस्ट सोडायचं. बोंडूत साखर आयती असते, रसाच्या साधारण दहा-बारा टक्के. म्हणून हे काम लवकर सुरू होतं आणि माणसाच्या हातून तितक्याच लवकर निसटतंही.

तीन पिंपं ओळीनं होती, एकेका दिवसाच्या अंतरानं भरलेली. काकांनी मला तिन्हींना कान लावायला सांगितलं. कालचं पिंप नुसतं कुजबुजत होतं. परवाचं जोरात उसळत होतं, वर तपकिरी फेसाचा जाड थर आणि त्यातून सारखे बुडबुडे. तेरवाचं शांत व्हायला आलं होतं, फेस बसला होता आणि वासातला गोडपणा जाऊन त्याला धार आली होती. काकांनी बोट बुडवून चव घेतली. गोडी संपली पण आंबटपणा चढला नाही, ही नेमकी वेळ. ती एकदा टळली की रसाचा व्हिनेगर व्हायला लागतो. उकाडा वाढला की आंबवण तीन दिवसांऐवजी दोन दिवसांतच उरकतं, मळभ आलं की रेंगाळतं. कॅलेंडर बघून हे काम होत नाही. अशा आंबलेल्या रसात पाच-सहा टक्के मद्य असतं, म्हणजे साधारण बिअरइतकंच.

त्या रात्री काका झोपायला गेले ते पिंपाचं झाकण परत एकदा उघडून, वास घेऊन. पहाटे भट्टी पेटली.

भाण म्हणजे तांब्याचं पोटफुगं भांडं. पूर्वी मातीचं असायचं. तांबं आल्यानं भांडं टिकाऊ झालं हा एक फायदा, पण त्याहून मोठा फायदा असा की वाफेतली गंधकाची कुबट द्रव्यं तांबं धरून ठेवतं आणि पुढं जाणारी वाफ स्वच्छ होते. म्हणून दर खेपेनंतर भाण आतून घासावं लागतं. चिंच, मीठ आणि राख घेऊन काका स्वतः घासतात, ते काम कुणावर टाकत नाहीत. आत हात घालून मी पाहिलं, भिंत अगदी गुळगुळीत आणि उजळ होती.

रस भाणात ओतला, पण पाऊण भांड्याच्या वर नाही. मग तोंडावर लाकडी झाकण बसवलं. सांध्यांत आधी फडकं आवळलं, त्यावर मळून मऊ केलेली चिकणमाती लिंपली. काकूंनी बोटं ओली करून मातीवरून पुन्हा पुन्हा फिरवली. एकही भेग राहता कामा नये. भेगेतून वाफ गेली की माल गेला, आणि जवळच जाळ असल्यामुळे ती वाफ पेट घेण्याचा धोकाही असतो. झाकणातून निघालेली नळी पाण्याच्या टाकीतल्या तांब्याच्या वेटोळ्याला जोडलेली. जुन्या रीतीत नळी थेट मडक्यात जायची आणि त्या मडक्यावर कुणीतरी सतत करवंटीनं पाणी ओतत बसायचं. काका म्हणाले, त्यांचं बालपण ते पाणी ओतण्यातच गेलं.

मग जाळ. भट्टीवरचं सगळं कसब मला वाटतं इथंच आहे. मद्य 78 अंशांना उकळतं, पाणी 100 ला. या दोन आकड्यांमधल्या जागेत राहायचं. जाळ कमी पडला तर काही गळत नाही, वाढला तर मद्याबरोबर पाणी आणि इतर जड वासाची द्रव्यंही नळीत शिरतात. आणि फारच वाढला तर दूध उतू जावं तसा आतला रस फेसाळून सरळ नळीत चढतो. "घाई केलंस तर भाण ओकता," काका म्हणाले. त्यांनी सुरुवातीला काजूच्याच सुक्या फांद्यांचा मोठा जाळ केला. मग भाणाच्या पोटाला हात जवळ नेऊन, नळीला दोन बोटं लावून अंदाज घेत राहिले. नळी तापत तापत टाकीच्या दिशेनं सरकली तसं त्यांनी एक एक लाकूड बाहेर ओढलं. निखारे हातभर पसरले. तिथून पुढं तीनेक तास त्या माणसाची नजर जाळावरून हटली नाही. मी प्रश्न विचारत होते, ते उत्तरं देत होते, पण माझ्याकडे न बघता.

पहिले थेंब आले ते उग्र, डोळ्यांत पाणी आणणारे. ते वेगळ्या वाटीत धरले आणि फेकून दिले. हलकी, लवकर उडणारी द्रव्यं आधी निघतात, ती पोटात जाऊ द्यायची नाहीत. ती काढून टाकण्याबद्दल काका फार काटेकोर होते आणि मला त्यांचा तो काटेकोरपणा सगळ्यात जास्त भावला. थोडा जास्त माल गेला तरी चालेल, पण गिऱ्हाईकाचं डोकं दुखता कामा नये.

मग धार लागली. करंगळीपेक्षा बारीक, सलग आणि पूर्ण पारदर्शक. गढूळ पिवळा रस आत गेला होता आणि बाहेर येत होतं ते पाण्यासारखं. वास मात्र बोंडूचाच. काकांनी तळहातावर थोडं घेतलं, दोन्ही हात चोळले आणि ओंजळ नाकाला लावली. मग काचेच्या उभ्या नळकांड्यात माल ओतून त्यात मापकाची कांडी सोडली. इथं जोर ग्राव या मापात मोजतात, पोर्तुगीज काळापासून चालत आलेलं हे माप. हुर्राक चौदा ते सोळा ग्रावांचा, फेणी एकोणीस-वीसची. मापाआधीच काकांनी आकडा सांगितला होता, आणि कांडी तिथंच थांबली. "पयला नाक, मगे यंत्र," ते म्हणाले.

पहिल्या खेपेचा हा माल म्हणजे हुर्राक. साधारण पंधरा टक्क्यांचा, हलका, उन्हाळ्यात प्यायचा. तो टिकत नाही, म्हणून हंगामातच संपतो. लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि सोडा घालून संध्याकाळी घरोघर घेतला जातो. मी वाटीत थोडासा नुसताच घेतला. आधी तुरटपणाची पुसट आठवण, मग पिकल्या बोंडूचा पुरा वास आणि शेवटी घशात ऊब. आमच्या बागेतला एप्रिलचा जो वास मला कुजका म्हणून नकोसा व्हायचा, त्याच्यात हे सगळं दडलेलं आहे हे त्या घोटानं कळलं.

फेणीसाठी आणखी एक खेप. हुर्राकात पुन्हा आंबलेला रस मिसळून ते भाणात चढवतात आणि दुसऱ्यांदा गाळतात. बाटलीबंद फेणीवर बहुधा 42.8 टक्के लिहिलेलं असतं, घरच्या फेणीचा जोर थोडा इकडेतिकडे. ती वेतानं विणलेल्या मोठ्या काचेच्या बुधल्यांत ठेवतात. जितकी मुरते तितका तिचा उग्रपणा बसतो. काकांकडे माजघराच्या कोपऱ्यात अशा काही बुधल्या आहेत. त्यातली एक घरात लग्न ठरेल तेव्हा फोडायची. सर्दी झाली, हातपाय मुरगळला, बाळंतिणीचं अंग चोळायचं असलं की याच बुधलीकडे हात जातो. मुरलेल्या फेणीबद्दल मला एकच म्हणायचंय: तिला थंडगार करून किंवा गोड पेयात बुडवून तिचा वास मारू नये. त्या वासासाठीच तर एवढा जाळ जपलेला असतो.

संध्याकाळी भाणातलं उरलेलं पाणी निवल्यावर ओतून दिलं, चोथा गुरांना आणि खताच्या खड्ड्यात. मग काका बसले आणि पैशांचं बोलले. वेचायला माणसं मिळत नाहीत. पोरं किनाऱ्यावरच्या हॉटेलांत कामाला जातात, तिथं पगार महिन्याच्या महिन्याला हातात येतो. भट्टीचा हंगाम तीन महिन्यांचा, त्यात एक अवकाळी पाऊस आला की मोहोर गळतो. डोंगर प्लॉटिंगवाल्यांच्या डोळ्यांवर आहेतच. काकांचा मुलगा मापं, परवाने, बाटल्यांवरची लेबलं हे बघतो, पण जाळापाशी बसत नाही. काका त्याच्यावर रागावलेले नाहीत. मला मात्र काळजी वाटली, कारण लाकूड कधी बाहेर ओढायचं हे कुठंच लिहिलेलं नाही, ते शेजारी बसूनच शिकावं लागतं.

येताना काकूंनी बाटली देऊ केली. ती मी घेतली नाही. परवान्याशिवाय गोव्यातलं मद्य महाराष्ट्रात आणता येत नाही आणि नाक्यावर गाडी तपासतात. ज्यांना चाखायची असेल त्यांनी तिथं जाऊन, बसून, जेवणाबरोबर चाखावी. एप्रिल हा त्यासाठी सगळ्यात चांगला महिना. भट्टीवाल्याला आधी विचारून जावं, आणि तो पहिले थेंब फेकतो का हे जरूर बघावं. फेकत नसेल तर तिथं पिऊ नये.

आमच्या बागेत फेणी होणार नाही. ते नाव गोव्याचं आणि कायदाही आड येतो. पण भट्टीवर शिकलेल्या निम्म्या गोष्टी सरबतालाही लागू पडतात. गळलेलाच बोंडू घ्यायचा, सकाळी वेचलेला सकाळीच मळायचा, आणि रस काढताना इतका दाबायचा नाही की तंतूचा तुरटपणा उतरेल. उरलेला तुरटपणा काढायला शिजवलेल्या साबुदाण्याची पेज रसात घालून ठेवायची. ती तुरट द्रव्यं धरून तळाला बसते आणि वर नितळ रस राहतो. ही युक्ती सिंधुदुर्गातल्या सरबतवाल्या बायका करतातच, मीही करून पाहिली आणि ती चालते. शेजारच्या दोन बागांशी बोलणी झाली आहेत. पुढच्या हंगामात त्यांचे बोंडूही सकाळी नऊच्या आत आमच्या अंगणात पोचतील, बी त्यांची, बोंडू माझे. खिळ्याच्या काठ्या मी आताच सुताराकडून करून घेतल्या आहेत.